इंधनघटाचे जनक न्यायमूर्ती ग्रोव्ह

इंग्लंडमधील न्यायालयांच्या इतिहासात सर विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह यांची नोंद १८७१ ते १८८७ अशी सोळा वर्षे न्यायासनावर बसलेले एक न्यायमूर्ती, एवढीच आढळते. विज्ञानाच्या इतिहासातील त्यांचे स्थान मात्र फार वरचे आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन वायूंच्या संयोगातून, कोठेही ज्योत न पेटवता, थेट वीज मिळविणारा इंधनघट, म्हणजेच 'फ्युएल सेल', ही त्यांची निर्मिती. धुराड्यातून केवळ पाण्याची वाफ सोडणाऱ्या आजच्या हायड्रोजन मोटारींचे मूळ ग्रोव्ह यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या काचेच्या नळ्यांत आहे. या साधनाला पुढे दीडशे वर्षे प्रयोगशाळेबाहेर सहजासहजी पाऊल टाकू न देणारी अडचणही त्याच नळ्यांत दडलेली होती. ती अडचण धातूची होती. वायूंना कमी तापमानात वीज देण्यास प्रवृत्त करील, दीर्घकाळ टिकेल आणि परवडेलही असा धातू कोणता, हा प्रश्न ग्रोव्ह यांच्या प्रयोगातून जन्माला आला आणि त्याचे पूर्ण उत्तर शोधण्याचे काम आजही चालू आहे.

धातूंच्या गावातील बालपण

ग्रोव्ह यांचा जन्म ११ जुलै १८११ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे झाला. वडील जॉन ग्रोव्ह हे ग्लॅमॉर्गन परगण्यातील प्रतिष्ठित गृहस्थ आणि दंडाधिकारी होते. स्वान्सी हे त्या काळी तांबे गाळण्याच्या भट्ट्यांसाठी जगभर ओळखले जाणारे बंदर. परदेशातून खनिज यायचे, भोवतालच्या खाणींतील कोळशावर ते वितळविले जायचे आणि शुद्ध तांबे जहाजातून बाहेर जायचे. धातू, अग्नी आणि आम्ल यांच्याशी गावाचा असा रोजचाच संबंध होता.

घरच्या परंपरेला धरून मुलाने कायद्याचे शिक्षण घेतले. खासगी शिक्षकांकडून प्राथमिक शिक्षण, ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज महाविद्यालयातून पदवी आणि १८३५ मध्ये लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टरची सनद, असा हा सरळ मार्ग होता. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. वकिलीचा व्याप झेपेना, तेव्हा सक्तीच्या विश्रांतीच्या काळात ग्रोव्ह आपल्या आवडत्या विषयाकडे, म्हणजे विद्युत आणि रसायन यांच्याकडे वळले. १८३७ मध्ये एमा मारिया पॉवल्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरच्या युरोपच्या प्रवासातही प्रयोगांची ओढ कमी झाली नाही.

पहिली घटमाला आणि पहिला धडा

व्होल्टाने १८०० मध्ये विद्युतघट जगापुढे आणला होता. पण त्याचा प्रवाह थोड्याच वेळात क्षीण होत असे. अधिक जोरदार आणि स्थिर प्रवाह देणारा घट तयार करण्याची चढाओढ तेव्हा युरोपभर चालू होती. ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये आपला घट सादर केला. सौम्य गंधकाम्लात जस्त, तीव्र नायट्रिक आम्लात प्लॅटिनम आणि दोन्ही द्रवांमध्ये मातीची सच्छिद्र भिंत, अशी त्याची रचना होती. सुरुवातीच्या प्रयोगांत मद्याचे छोटे पेले आणि तंबाखू ओढण्याच्या मातीच्या पाइपची वाटी यांवरच त्यांनी काम भागविले. हा घट सुमारे १.९ व्होल्ट इतका दाब देत असे. त्या काळी ही मोठीच मजल होती. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याची माहिती गेली, १८४० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि १८४१ मध्ये लंडन इन्स्टिट्यूशन या संस्थेत प्रायोगिक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकपदही आले. सॅम्युअल मोर्स यांनी १८४४ मध्ये वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यामध्ये टाकलेल्या प्रसिद्ध तारमार्गाला वीज पुरविली ती ग्रोव्ह यांच्याच घटांनी.

या यशाबरोबर एक धडाही मिळाला. प्लॅटिनम महाग होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी १८४१ मध्ये त्याच घटात प्लॅटिनमच्या जागी कार्बन वापरून पाहिला आणि घट तितकाच समर्थपणे चालला. साहजिकच स्वस्त घटाची सरशी झाली. नायट्रिक आम्लातून निघणाऱ्या विषारी तांबूस वाफांमुळे तारघरांनाही ग्रोव्ह यांचा घट पुढे नकोसा झाला. पहिल्या घटात प्लॅटिनमला पर्याय मिळाला तो असा. ग्रोव्ह यांच्या दुसऱ्या घटात मात्र तो इतक्या सहजी मिळणार नव्हता.

वायूंची घटमाला

विजेच्या साह्याने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करता येते, हे १८०० पासून माहीत होते. मग हे दोन वायू पुन्हा एकत्र येऊन पाणी होताना ती वीज परत मिळेल काय, असा प्रश्न ग्रोव्ह यांना पडला. १८३९ च्या प्रारंभी 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका टिपणाला त्यांनी छोटी पुरवणी जोडली. गंधकाम्लात उभ्या केलेल्या दोन नळ्यांत हे दोन वायू भरून, प्रत्येकीत प्लॅटिनमची पट्टी सोडली असता विद्युतमापकाची सुई हलली, अशी ती नोंद होती. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील प्राध्यापक ख्रिस्तियान शोनबाइन यांनीही त्याच सुमारास प्लॅटिनम आणि वायू यांच्या संयोगातून उत्पन्न होणाऱ्या विद्युतप्रवाहाचे निरीक्षण प्रसिद्ध केले होते. त्याच वर्षी दोघांची भेट झाली आणि ती आयुष्यभराच्या मैत्रीत बदलली. तत्त्वाची पहिली चाहूल कोणाला लागली, याबद्दल दोघांचीही नावे घेतली जातात; त्या तत्त्वाचे चालते साधन मात्र ग्रोव्ह यांनी उभे केले.

ते साधन १८४२ मध्ये सिद्ध झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी मायकेल फॅरडे यांना पत्राने ही वार्ता कळविली आणि डिसेंबरमध्ये ती 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाली. पन्नास जोड्यांची ही माळ होती. प्रत्येक जोडीत एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन आणि दोन्हींत प्लॅटिनमच्या अरुंद पट्ट्या. खाली सौम्य गंधकाम्ल. पाच माणसांनी हात धरून साखळी केली तरी सर्वांना झटका जाणवावा, इतका तिचा जोर होता. एकट्याने घेतल्यास तो झटका वेदनादायक ठरे. जोड्या कमी करत करत त्यांनी हेही पाहिले की, पाण्याचे विघटन करण्यास किमान सव्वीस जोड्या लागतात. हायड्रोजनच्या नळीत पाणी ज्या वेगाने चढे, त्याच्या निम्म्या वेगाने ते ऑक्सिजनच्या नळीत चढे. पाण्याच्या घडणीतही या दोन वायूंचे प्रमाण दोनास एक असेच आहे. ज्या वायूंच्या संयोगातून पाणी होते, त्याच वायूंच्या विजेने दुसऱ्या भांड्यातील पाणी फोडायचे, हा दृष्टांत ग्रोव्ह यांना विशेष मोलाचा वाटला.

द्रव, वायू आणि धातू यांची सीमारेषा

या प्रयोगातील खरी मर्मदृष्टी प्लॅटिनमविषयीची होती. प्लॅटिनम स्वतः खर्च न होता वायूंचा संयोग घडवून आणते, हे हम्फ्री डेव्ही आणि योहान डोबेरायनर यांच्या प्रयोगांतून आधीच कळले होते. डोबेरायनर यांनी १८२३ मध्ये स्पंजासारख्या प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडून तो पेटवून दाखविला होता. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी अशा क्रियांना पुढे 'कॅटॅलिसिस' हे नाव दिले. मराठीत त्यालाच उत्प्रेरण म्हणतात.

ग्रोव्ह यांनी या उत्प्रेरणाची जागा हेरली. पट्टीचा जो भाग पूर्ण द्रवात बुडालेला आहे तेथे वायू पोचत नाही. जो भाग पूर्ण वायूत आहे तेथे आम्ल पोचत नाही. द्रव, वायू आणि धातू या तिघांची जेथे गाठ पडते, त्या काठावरच्या रेषेपाशीच क्रिया घडते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे कितीही मोठी पट्टी घेतली तरी उपयोगी पडणारा भाग केसाइतका अरुंद. म्हणून त्यांनी गुळगुळीत प्लॅटिनम न वापरता, पृष्ठावर बारीक काळ्या प्लॅटिनमचा खरखरीत थर चढविलेल्या पट्ट्या वापरल्या. खडबडीत पृष्ठावर ओलावा धरून राहतो आणि तिघांच्या भेटीची जागा वाढते. धातू तेवढाच, पण त्याचा उपयोगी पडणारा पृष्ठभाग अधिक, हे सूत्र त्यांनी त्याच वेळी हाती दिले. इंधनघटांवरील पुढचे बहुतेक संशोधन या सूत्राभोवती फिरले आहे.

शोनबाइन यांना मात्र ऑक्सिजनचा या क्रियेत प्रत्यक्ष भाग आहे, हे मान्य नव्हते. ग्रोव्ह यांनी वाद न घालता पुरावा जमविला. १८४३ आणि १८४५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे दीर्घ निबंध आले. निरनिराळ्या वायूंच्या जोड्या त्यांनी एकापाठोपाठ तपासल्या. कोणता वायू क्रियाशील आणि कोणता निष्क्रिय, याची पद्धतशीर मांडणी केली. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण मोजण्यासही या घटाचा उपयोग होईल, असे सुचविले. साक्षीदाराची उलटतपासणी करावी तशी ही मांडणी आहे, आणि ती करणारा मुळात वकील होता.

शक्तींचा परस्परसंबंध

हे साधन कारखाने चालवील किंवा वाहने ओढील, ही अपेक्षा ग्रोव्ह यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी नव्हती. त्यांचे लक्ष तत्त्वाकडे होते. उष्णता, प्रकाश, वीज, चुंबकत्व, रासायनिक आकर्षण आणि गती या वेगवेगळ्या सुट्या शक्ती नसून त्यांचे एकमेकींत रूपांतर होते, हा विचार त्यांनी जानेवारी १८४२ मध्ये लंडन इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात मांडला. १८४६ मध्ये तो 'ऑन द कोरिलेशन ऑफ फिजिकल फोर्सेस' या नावाने ग्रंथरूपाने आला आणि १८७४ पर्यंत त्याच्या सहा आवृत्त्या निघाल्या. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धांत त्या दशकात अनेकांच्या हातून आकार घेत होता. ग्रोव्ह यांच्या ग्रंथात आकडेमोड नाही. पण त्या सिद्धांताची पूर्वतयारी करणाऱ्यांत त्यांची गणना होते. वायूंची घटमाला हा या विचाराचा डोळ्यांनी पाहता येईल असा दाखला होता.

१८४६ च्या बेकेरियन व्याख्यानात त्यांनी अतितप्त प्लॅटिनमच्या साह्याने केवळ उष्णतेने पाण्याच्या वाफेचे विघटन करून दाखविले. १८४७ मध्ये त्यांना रॉयल पदक मिळाले. प्लॅटिनमच्या तारेची तप्त गुंडाळी काचेखाली ठेवून खाणीत उजेड करण्याची कल्पनाही त्यांनी मांडली होती. रॉयल सोसायटीत प्रतिष्ठेपोटी शिरणाऱ्या हौशी सरदारांची संख्या फार झाली होती. दरवर्षी केवळ पंधरा सदस्य आणि तेही वैज्ञानिक गुणवत्तेवर निवडावेत, ही सुधारणा १८४७ मध्ये मान्य झाली. ती घडवून आणणाऱ्यांत ग्रोव्ह अग्रभागी होते.

पुन्हा वकिली

एवढे असूनही विज्ञानावर घर चालण्याचे ते दिवस नव्हते. कुटुंब वाढत होते. १८४६ मध्ये प्राध्यापकपद सोडून ग्रोव्ह पूर्णवेळ वकिलीकडे परतले. पस्तिशीतला, ऐन भरातला प्रयोगकर्ता प्रयोगशाळेतून दूर गेला. १८५३ मध्ये ते क्वीन्स कौन्सेल झाले. छायाचित्रणाचे एक आद्य प्रवर्तक विल्यम फॉक्स टॅलबट यांची बाजू त्यांनी १८५४ मध्ये एकस्वाच्या खटल्यात मांडली. त्यात अपयश आले. १८५६ मध्ये डॉ. विल्यम पामर याच्यावरील विषप्रयोगाच्या खटल्याने सारा इंग्लंड ढवळून निघाला. मृताच्या शरीरात स्ट्रिक्निन सापडले नव्हते, तरी ते दिले गेल्याचा आरोप होता. बचाव पक्षाच्या वकिलांत रसायन जाणणारे ग्रोव्ह होते. पामर दोषी ठरला आणि त्याला फाशी झाली.

उरल्या वेळात त्यांचे प्रयोग चालूच होते. १८५२ च्या निबंधात त्यांनी एक निरीक्षण नोंदविले. विरळ वायूतून विद्युतप्रवाह जाऊ दिला असता ऋण टोकाच्या धातूचे कण सुटून समोरच्या पृष्ठावर त्यांचा पातळ थर बसतो. आज 'स्पटरिंग' या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र धातूंचे अतिसूक्ष्म थर चढविण्यासाठी जगभर वापरले जाते, आणि इंधनघटांसाठी प्लॅटिनमच्या मिश्रधातूंचे थर बनविण्यासाठीही त्याचा अवलंब झालेला आहे. आपल्या एका शोधातील उणीव भरून काढण्याच्या कामी आपलाच दुसरा शोध पडेल, हे ग्रोव्ह यांना ठाऊक असणे शक्य नव्हते.

१८६६ मध्ये नॉटिंगहॅम येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १८७१ मध्ये ते कोर्ट ऑफ कॉमन प्लीजचे न्यायमूर्ती झाले, १८७२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, १८८० मध्ये ते क्वीन्स बेंच विभागात गेले आणि १८८७ मध्ये निवृत्त झाले. १ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

मागे राहिलेला प्रश्न

ग्रोव्ह यांच्या हयातीतच त्यांच्या घटाला व्यवहारात आणण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला. १८८९ मध्ये लुडविग मॉन्ड आणि कार्ल लँगर यांनी आम्लाने भिजवलेला सच्छिद्र पडदा आणि त्याच्या दोन्ही अंगांना छिद्रे पाडलेले प्लॅटिनमचे पातळ पत्रे, अशी रचना केली. वीज बऱ्यापैकी मिळाली. पण प्लॅटिनमचा खर्च परवडण्याजोगा नव्हता. तोवर जनित्रांची स्वस्त वीज आली होती. इंधनघट अडगळीत गेला.

विसाव्या शतकात ब्रिटिश अभियंता फ्रान्सिस टॉमस बेकन यांनी आम्लाऐवजी क्षार घेतला आणि प्लॅटिनमऐवजी निकेल वापरले. १९५९ मध्ये त्यांनी ५ किलोवॉटचा संच चालवून दाखविला. त्यावर आधारित घटांनी पुढे अपोलो यानांना वीज आणि पाणी दिले. मात्र निकेलला काम करण्यासाठी सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमान लागे. मोटारीसारख्या साधनाला ६० ते ८० अंशांवर चालणारा, म्हणजे कमी तापमानाचा घट हवा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने प्लॅस्टिकच्या पातळ आम्लधर्मी पडद्याचा असा घट तयार केला आणि १९६५ मध्ये तो जेमिनी-५ यानातून अवकाशात गेला. आम्ल आणि कमी तापमान एकत्र आले की प्लॅटिनमला पर्याय उरत नाही. बहुतेक स्वस्त धातू आम्लात विरघळून जातात.

हायड्रोजनच्या बाजूची क्रिया प्लॅटिनमवर झटपट होते. अडते ते ऑक्सिजनच्या बाजूला. ऑक्सिजनचा रेणू फोडल्यावर प्लॅटिनम त्याचे तुकडे गरजेपेक्षा घट्ट धरून ठेवते आणि क्रिया मंदावते. निकेल किंवा कोबाल्टचे लहान अणू मिसळले की प्लॅटिनमचे अणू एकमेकांच्या थोडे जवळ ओढले जातात, ऑक्सिजनवरची पकड किंचित सैल होते आणि तेवढ्याच प्लॅटिनममधून अधिक काम निघते. २००७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की, तीन भाग प्लॅटिनम आणि एक भाग निकेल अशा स्फटिकाचा विशिष्ट पृष्ठभाग शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठभागाहून सुमारे दहापट क्रियाशील असतो.

क्रियाशीलता मिळाली तरी टिकाऊपणाचा प्रश्न राहतो. मोटार सुरू होते, वेग घेते, थांबते. प्रत्येक वेळी घटातील विद्युतदाब वरखाली होतो. त्यात प्लॅटिनमचे सूक्ष्म कण थोडे थोडे विरघळतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. कण मोठे झाले की पृष्ठभाग घटतो. मिश्रणातले निकेल वा कोबाल्ट आम्लात झिरपते आणि पडद्याला अपाय करते. कणांना आधार देणारा कार्बनही झिजतो. म्हणून गाभ्यात दुसरा धातू आणि वर प्लॅटिनमचे एक-दोन अणूंचे कवच, अशा रचना करण्यात येऊ लागल्या. ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेने २००७ मध्ये प्लॅटिनमवर सोन्याचे सूक्ष्म पुंजके बसवून तीस हजार आवर्तनांनंतरही त्याची झीज अत्यल्प राहते, असे दाखविले. डिसेंबर २०१४ मध्ये जपानच्या बाजारात आलेल्या टोयोटा मिराई या मोटारीत प्लॅटिनम आणि कोबाल्ट यांचा मिश्रधातू वापरण्यात आला.

पुण्यातही या प्रवासाचा एक टप्पा आहे. येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसह वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या संस्थांनी केपीआयटी कंपनीच्या सहकार्याने कमी तापमानाच्या इंधनघटावर चालणारी मोटार २०२० मध्ये चालवून पाहिली आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी अशाच घटावर चालणारी बस पुण्यात सादर झाली.

इंधनघटांवर काम करणाऱ्या वैज्ञानिकांनी १९८९ मध्ये लंडनमध्ये ग्रोव्ह यांच्या नावाने परिषद भरविली. त्यांच्या पहिल्या टिपणाला तेव्हा दीडशे वर्षे झाली होती. ग्रोव्ह यांच्या नळ्यांतील पट्ट्या उघड्या डोळ्यांना दिसत. आजचे प्लॅटिनमचे कण मीटरच्या अब्जांश भागांत मोजावे लागतात. प्रयत्न मात्र तोच आहे. धातू कमी वापरायचा, त्याचा पृष्ठभाग वाढवायचा आणि द्रव, वायू व धातू यांच्या भेटीची जागा दीर्घकाळ शाबूत ठेवायची. ग्रोव्ह यांनी यातील पहिल्या दोन गोष्टींचा मार्ग १८४२ मध्येच दाखवून दिला होता. तिसरीवर, म्हणजे टिकाऊपणावर, हायड्रोजन मोटारी सर्वसामान्यांच्या आवाक्यात येतील की नाही, हे बऱ्याच अंशी अवलंबून आहे.